सत्तर डावे पल्ले

सोलापुरात, अक्कलकोट रोडवरच्या शाळेच्या गणवेशांच्या एका कारखान्यात सोजरबाईंना नुसतं बाई म्हणून हाक मारायची कुणाची छाती होत नाही. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. कटिंग मास्तर. वय एकसष्ट, उंची बेताची, साडीवर पुरुषी शर्ट चढवलेला, कानामागं खडू. शिलाईच्या मशिनीवर बायका सगळीकडे दिसतात, पण कापडाचे साठ-सत्तर थर एकावर एक रचून उभ्या पात्याच्या कटिंग मशिननं एका दमात कापणारी बाई अख्ख्या भागात ही एकच. पुरुष मास्तर चहा प्यायला थांबले की मुद्दाम हिच्या टेबलाजवळ उभे राहायचे, आणि बघून झालं की काही न बोलता निघून जायचे. कौतुक करायला जीभ जड होते हो माणसांची.

नवरा शिंपी होता. तो अचानक गेला तेव्हा सोजरबाई एकतीस वर्षांच्या होत्या आणि पदरात एक पोर. कारखान्याचे तेव्हाचे मालक मकदूमभाई म्हणाले, "वहिनी, शिलाईला जागा न्हाई. कटिंगला हात लावाल का?" बाईंनी हात लावला, आणि मग ते टेबल सोडलं नाही. मकदूमभाई गेले, त्यांचा मुलगा शाकीर गादीवर आला. शाकीर चड्डीत कारखान्यात यायचा तेव्हा त्याच्या शाळेचा सदरा यांनीच कापलेला. त्यामुळे तो मालक असला तरी बाई त्याला अरे-तुरे करतात, आणि तो निमूट ऐकून घेतो.

बाईंचा खरा तोरा मात्र हाताचा नाही, डोक्याचा. जिल्ह्यातल्या त्रेचाळीस शाळांचे गणवेश त्यांना तोंडपाठ. नातेपुत्याच्या एका शाळेच्या स्कर्टला सहा चुण्या, करमाळ्याकडच्या एका शाळेच्या सदऱ्याला खिशावर झाकण, अमक्या शाळेची कॉलर दोन बोटं, तमक्या शाळेची अडीच. हे कुठं लिहिलेलं नाही. लिहायची पद्धतच नाही. मास्तर लोकांत वही काढणं म्हणजे कमीपणा. "लिवतोय त्यो कारकून, मास्तर न्हवं," असं बाई सरळ म्हणायच्या आणि खडूनं फराफरा आखायला लागायच्या.

अशा माणसाला विसर पडायला लागला तर काय होईल, हे सांगायला नको.

आधी विसर नव्हता, धडधड होती. दिवाळीनंतर कधीतरी सुरू झाली. जिना चढताना, कधी नुसतं बसल्या जागी, छातीत पाखरू फडफडल्यागत व्हायचं. चार ठोके घाईघाईत, मग एक गाळलेला, मग पुन्हा दोन-तीन अंगावर आल्यासारखे. पाच-दहा मिनिटं डोकं हलकं व्हायचं आणि मग सगळं जागच्या जागी. बाईंनी पित्त ठरवलं. ओवा खाल्ला, सोडा प्यायला, मिरची आठ दिवस सोडली आणि नवव्या दिवशी पुन्हा धरली. सोलापुरात राहून माणूस मिरचीवाचून किती दिवस काढणार?

पण मनातून त्या घाबरल्या होत्या, आणि त्याला कारण होतं. त्यांची आई मथुराबाई. जेऊरला शेतात राबलेली, चार एकर एकटीनं खुरपणारी बाई. तिलाही असंच व्हायचं. खुरपं खाली ठेवून छातीवर हात दाबून बसायची आणि म्हणायची, "काळीज उडालंय बघ, बसंल आपसूक." बसायचंही. पुढं पुढं मात्र आई वस्तू विसरायला लागली, मग वाट, मग माणसं. शेवटच्या वर्षी सोजरबाई भेटायला गेल्या, तर आईनं पदर नीट केला, पाट सरकवला आणि अगदी आदरानं म्हणाली, "बसा की बाई. कुठनं आलात?" पोटच्या लेकीला अहो-जाहो. सोजरबाई पाटावर बसल्या, आईच्या हातचं पाणी प्याल्या आणि परतीच्या गाडीत तोंडावर पदर घेऊन सोलापूरपर्यंत रडल्या. आई विसरली याचं दुःख होतंच, पण लेक परकी होऊन पाणी पिते, ते दुःख वेगळंच.

आता चूक कशी घडली ते सांगतो.

एप्रिलचा शेवट. जूनच्या शाळांची कामं अंगावर आलेली, पत्रे तापलेले, पंखे नुसती ऊन हवा फिरवणारे. एका शाळेच्या मुलींच्या बँडपथकाची पस्तीस जाकिटं होती, सगळी एका मापाची, कमरेला मागून आवळायचा पट्टा. कापड खास रंगवून आणलेलं, लागेल तेवढंच. या कापडाला एका अंगानं चकाकी, दुसरं अंग मळकट. अशा कापडाचे थर उलट-सुलट टाकायचे असतात. एक थर चकाकी वर, दुसरा चकाकी खाली. म्हणजे एकच साचा ठेवून सत्तर थर कापले की जाकिटाच्या पुढच्या भागाचे पस्तीस डावे पल्ले मिळतात आणि पस्तीस उजवे. सगळे थर सुलटे टाकले तर सत्तरच्या सत्तर एकाच बाजूचे. ही गोष्ट कारखान्यातली मांजरसुद्धा सांगेल.

थर टाकायचं काम अकबरीकडं. पंचेचाळिशीची, विजापूर वेशीकडून सायकलीवर येणारी, पंधरा वर्षं बाईंच्या टेबलाला असलेली. तिचा थर म्हणजे काठ एकदम सरळ, सुरकुतीला जागा नाही. त्या दिवशी तिनं विचारलं, "मास्तर, कसं टाकू?"

बाईंच्या छातीत तेव्हा फडफड चालू होती. चांगला अर्धा तास झालेला, डोळ्यांपुढं बारीक ठिपके. सकाळी त्याच शाळेचे स्कर्ट कापले होते, आणि स्कर्टचं कापड सगळं सुलट टाकायचं असतं. तेच तोंडातून गेलं, "सुलट टाक."

"सगळं सुलट?"

"व्हय की."

अकबरी दोन पावलं गेली आणि परत आली. "मास्तर, जाकीट हाय हे. सगळं सुलट टाकू?"

"सुलट म्हंजे सुलट! किती बार सांगू?" बाई खेकसल्या.

अकबरीनं टाकलं. बाईंनी साचा ठेवला, आखलं, मशिन लावलं आणि सत्तर थरांतून पातं लोण्यातून गेल्यासारखं फिरवलं. वळण असं सुरेख आलं की पाहत राहावं. दुपारी शिलाईवाल्या बायकांनी गठ्ठा सोडला. एक पल्ला काढला, डावा. दुसरा काढला, डावा. तिसरीनं चष्मा पुसला. मग मशिनींचा आवाज एकेक करून बंद पडला.

शाकीर आला. त्यानं गठ्ठा टेबलावर पसरला. सत्तर डावे पल्ले. उजवा एक नाही. तसलं कापड परत मिळायचं तर रंगवायला टाकावं लागणार, आणि शाळेचा कार्यक्रम तोंडावर आलेला.

"थर कुणी टाकला?" त्यानं विचारलं.

बघा, त्यानं विचारलं ते थराबद्दल. मास्तर चुकला असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. तीस वर्षांत जे घडलं नाही ते कुणाच्या डोक्यात येणार?

"मी टाकला," अकबरी म्हणाली.

बाईंनी तोंड उघडलं. एक शब्द बोलायचा होता. पण त्या क्षणी त्यांना जेऊरचा तो पाट दिसला. आज 'मी चुकले' म्हटलं की उद्या 'मास्तरांना आठवत नाही' होणार, परवा टेबल जाणार, आणि टेबल गेलं की सोजरबाईंमध्ये शिल्लक काय राहणार? त्या गप्प बसल्या. अकबरीनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि नजर खाली घेतली. शाकीरनं तिला त्याच दिवशी टेबलावरून काढून मागच्या खोलीत धागे कापायला बसवलं. पंधरा वर्षं थर टाकणारी बाई नव्या मुलींच्या रांगेत जाऊन कात्री घेऊन बसली.

सोजरबाई वाईट बाई नव्हेत. पण त्या दिवशी त्या वाईट वागल्या, आणि त्यांना ते पुरतं ठाऊक होतं. रोज सकाळी मागच्या खोलीवरून जाताना अकबरी मान वर करून "सलाम मास्तर" म्हणायची, नेहमीसारखं. त्या सलामानं बाईंच्या अंगाची लाही व्हायची. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी शेळगीला त्या भाकरी थापता थापता शाळा म्हणायला लागल्या. पहिली शाळा, कॉलर, खिसा, चुण्या, दुसरी शाळा. त्रेचाळीस झाल्या की पुन्हा पहिल्यापासून. सून प्रियंका पाणी भरता भरता हे ऐकत होती. मुलगा ट्रान्सपोर्टच्या गाडीवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर, त्यामुळं घरात या दोघीच. प्रियंकाला वाटलं, आत्याबाईंनी कसला जप धरलाय. पण एके दिवशी बाई मधेच थांबल्या, छातीला हात लावून भिंतीला टेकल्या, आणि तव्यावरची भाकरी करपली. भाकरी करपू देणारी ही बाई नव्हे, एवढं प्रियंकाला कळत होतं.

तिच्याकडं रक्तदाब मोजायचं यंत्र होतं. तिनं बाईंच्या दंडाला पट्टा गुंडाळला. आकडे बरे आले, पण आकड्याशेजारी एक बारीक बदामाचं चित्र लुकलुकायला लागलं.

"सेल गेलं आसतील," बाई म्हणाल्या.

सेल बदलले. बदाम लुकलुकतोच. प्रियंकानं स्वतःच्या दंडाला लावून बघितलं, बदाम शांत. पुन्हा बाईंना लावलं, पुन्हा लुकलुक.

"तुजं यंतर मला वळखत न्हाय. परत करून टाक."

प्रियंकानं परत केलं नाही. खोक्यातून घडी घातलेला कागद काढला आणि बारीक अक्षरात बोट फिरवत वाचला. "आत्याबाई, यंत्र बरोबर हाय. तुमचं ठोकं चुकतायत असं लिवलंय हितं. उद्या डॉक्टरकडं जायचं."

"उद्या काम हाय."

"कामाला मी फोन केलाय," ती म्हणाली. केलेला नव्हता, पण सुनेला एवढं खोटं बोलायची मुभा असावी.

हृदयाच्या डॉक्टर अंकिता बिराजदार मूळच्या अक्कलकोटच्या, बोलताना मधूनच कन्नड हेल यायचा. त्यांनी छातीला वायरी लावून पट्टी काढली आणि बाईंच्या पुढं धरली. "मावशी, ही बघा. हे उंच टोक म्हणजे एक ठोका. ठोक्याठोक्यात सारखं अंतर पाहिजे."

बाईंनी पट्टी डोळ्यांजवळ नेली. अंतर कुठं बोटभर, कुठं अर्धं, कुठं दोन एकमेकांना चिकटलेले. "टाका सोडतंय की हे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मशिनीची सुई बिघडली की टाका असाच येतो. दोन जवळ, एक लांब."

डॉक्टर हसल्या. "अगदी तसंच आहे. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आवळत नाहीत, नुसते थरथरतात. एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात याला. थरथरण्यानं रक्त आत साचून राहतं, त्याच्या गाठी होतात. मोठी गाठ मेंदूत गेली तर लकवा. बारीक गाठी गेल्या तर कळतही नाही, पण मेंदूचं थोडं थोडं नुकसान होत जातं. आणि ठोकाच बेताल असला की मेंदूला रक्तही कमी-जास्त पोचतं."

बाईंनी पट्टी खाली ठेवली. मग त्यांनी आईचं सांगितलं. काळीज उडायचं ते, आणि नंतर विसरत गेली तेही. "ह्याचा त्याचा काय संबंध हाय का, डॉक्टर? खरं सांगा."

"तुमच्या आईला नक्की काय होतं ते आज मी सांगू शकत नाही. पण संबंध असतो. ज्यांची लय अशी बिघडते त्यांना पुढं स्मृतिभ्रंश व्हायचा धोका इतरांपेक्षा जास्त दिसतो. लकवा झाला नाही तरीसुद्धा."

"मग माजं सुरू झालंय. मी चुकलेय कामात," बाई म्हणाल्या, आणि हे वाक्य तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

डॉक्टरांनी घाई केली नाही. पाच शब्द सांगितले, लक्षात ठेवायला. मग शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मग कागद दिला, "घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं." बाईंनी काढलेलं वर्तुळ पाहून डॉक्टर म्हणाल्या, "कंपास न घेता एवढं गोल कसं काय?" बाई म्हणाल्या, "जलम गेला वळणं कापण्यात." शेवटी डॉक्टरांनी ते पाच शब्द विचारले. बाईंनी पाचही सांगितले, आणि शंका नको म्हणून उलट्या क्रमानंही सांगितले.

"मावशी, तुमची स्मृती आज ठणठणीत आहे. चुकलात त्या दिवशी काय होत होतं?"

"फडफडत हुतं. लई येळ. ठिपकं दिसत हुतं."

"मग त्या वेळी मेंदूला नीट रक्त पोचत नसणार. तशात कुणीही चुकेल. वेळेवर आलात. दोन गोळ्या देते. एक ठोक्याची धाव आवरायला, एक रक्त पातळ ठेवायला, गाठी होऊ नयेत म्हणून. ती चुकवायची नाही. ही गोळी नेमानं घेणाऱ्यांत विसराचा धोकाही कमी दिसतो. मी हमी देत नाही, पण आपल्या हातात जेवढं आहे तेवढं हे आहे." मग कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "काम काय करता?"

"कापते."

"भाजी?"

"कापड. सत्तर थर, एका दमात, मशिननं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग नीट ऐका. या गोळीवर कापलं तर रक्त लवकर थांबत नाही. काम सोडा म्हणत नाही मी. पण मालकाला सांगून ठेवायचं, आणि हातात स्टीलच्या जाळीचा मोजा घालायचा. मिळतो ना तसला?"

मिळतो की. कारखान्यातच होता. शाकीरनं दोन वर्षांपूर्वी दोन आणले होते, आणि ते आल्या दिवसापासून खिळ्याला लटकत होते, वरची चिठ्ठीसुद्धा कुणी फाडली नव्हती. मास्तर लोकांत मोजा घालतो कोण, तर ज्याला हाताचा भरवसा नाही तो. सोजरबाईंनी मोजा चढवला की अख्खा कारखाना विचारणार, काय झालं? काय झालं ते सांगितलं की कधीपासून ते निघणार. आणि कधीपासून ते निघालं की सत्तर पल्ले वर येणार. एका गोळीमागं एवढी लांब दोरी बांधलेली.

म्हणून बाईंनी शहाणपणा केला. ठोक्याची गोळी घ्यायला सुरुवात केली, रक्ताची ठेवून दिली. पहिल्या गोळीनं फडफड कमी झाली, जिना सोपा झाला, आणि बाईंनी मनाशी ठरवूनही टाकलं की झालं, आता दुसरीची गरज काय? असली हुशारी माणसाला फार लवकर सुचते.

दहाव्या दिवशी प्रियंका धान्याच्या डब्यातून ज्वारी काढत होती. हाताला गोळ्यांची अख्खी पाकिटं लागली. दहा दिवसांच्या दहाही गोळ्या जागेवर. ती पाकीट हातात घेऊन बाईंच्या समोर येऊन बसली.

"ही का घेत न्हाय?"

"घीन की."

"कवा?"

"हंगाम होऊ दे. शाळा सुरू झाल्या की घीन."

प्रियंका भांडकुदळ नाही. आवाजसुद्धा चढवला नाही तिनं. फक्त म्हणाली, "आणि तवर एक गाठ वर गेली तर? आत्याबाई, उद्या मी तुमच्यापुढं ताट ठेवलं आणि तुमी मला म्हणालात, बसा की बाई, कुठनं आलात... मग मी काय करायचं?"

जेऊरच्या पाटाची गोष्ट बाईंनीच तिला लग्नानंतर कधीतरी सांगितली होती. ती अशी परत येईल असं वाटलं नव्हतं. बाई रडल्या नाहीत. खूप वेळ हातातलं ताट पुसत राहिल्या. मग त्यांनी सुनेला सगळं सांगितलं. अकबरी, थर, सुलट म्हंजे सुलट, सगळं. प्रियंकानं उपदेश केला नाही. उठली, पाणी आणलं आणि गोळी हातावर ठेवली. बाईंनी ती गिळली.

"आता सुरू झाली," बाई म्हणाल्या. "आता उद्या मोजा घालायलाच लागतोय."

दुसऱ्या दिवशी त्या दहा मिनिटं लवकर गेल्या. खिळ्यावरचा मोजा काढला, चिठ्ठी फाडली, डाव्या हातात चढवला. थंडगार आणि जड होता. टेबलाशी उभ्या राहिल्या. बायका येऊ लागल्या, डबे ठेवले, आणि एकेकीची नजर त्या हातावर जाऊन थबकायला लागली. तेलुगूत कुजबुज झाली, मराठीत झाली. पलीकडच्या टेबलाचा मास्तर म्हणाला, "काय मास्तर, लढाईला निघालात काय?"

"व्हय, निघाले. शाकीरला बोलीव. आन मागनं अकबरीला बी."

शाकीर आला. अकबरी आली, ओढणीला चिकटलेले धागे झटकत. मशिनी अजून सुरू झालेल्या नव्हत्या, त्यामुळे बाईंचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"शाकीर, माज्या काळजाचा ठोका बिघडलाय. रक्त पातळ करायची गोळी चालू हाय, डॉक्टर म्हनल्या काप, पर मोजा घालून, म्हनून ह्यो मोजा. ही झाली एक गोष्ट. दुसरी अशी, की ते सत्तर पल्लं मी चुकवलं. हिनं न्हाय. मी सुलट टाक म्हनाले. हिनं इच्यारलं आन मी हिच्यावरच खेकसले. तू इच्यारलंस तवा मी गप बसले. भ्याले मी. वाटलं, टेबल जाईल."

शाकीरचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. "मास्तर, महिनाभर मी अकबरीखालांशी धड बोललो न्हाई. त्या दिवशी एक शब्द बोलला असता तर?"

"व्हय. बोलाय पायजे हुतं."

"तुमी सांगितलं असतं तर मी तुमाला काय केलं असतं?"

"ते मला ठावं न्हाय. पर आता काय करायचं ते कर. टेबल सोड म्हनलास तर सोडते. फकस्त हिला हिच्या जागेवर आन."

शाकीर थोडा वेळ टेबलाच्या कडेला बोट घासत उभा राहिला. त्याच्या वडिलांची सवय. मग म्हणाला, "टेबल सोडायचं कुणी नाव काढलंय? डॉक्टर कापा म्हणतात ना? मग कापा, मोजा घालून. पण एक गोष्ट. आजपासून प्रत्येक कामाचं वहीत लिहायचं. थर कसा, साचा कसा. तुमी सांगायचं, अकबरीखाला लिहिणार, आणि वाचून दाखवल्याशिवाय मशिन लावायचं न्हाई. त्रेचाळीस शाळा, सगळ्या."

महिन्यापूर्वी बाईंनी असल्या मालकाच्या तोंडावर खडू फेकला असता. आता त्या म्हणाल्या, "लिवा. आज माजं डोकं चांगलं हाय, तवर सगळं काढून घ्या. म्हातारपनी बी चांगलंच राहील आसं मी बघतेय, पर लिवलेलं बरं."

शाकीर अकबरीकडं वळला, हात जोडल्यासारखे केले आणि दखनीत काहीतरी हळू बोलला. ती नुसती "जाने दे रे" म्हणाली. मग तो गेला, बायका जागेवर गेल्या, मशिनी एकेक सुरू झाल्या.

अकबरी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला येऊन उभी राहिली, तिच्या जुन्या जागेवर. कापडाचं थान दोघींच्या मधे होतं.

"अकबरी," बाई म्हणाल्या, "तू तरी का बोलली न्हाईस? तुला तर ठावं हुतं, मीच सांगितलं म्हनून."

अकबरीनं थानाचं टोक हातात घेतलं. "कशी बोलू, मास्तर? मला वाटलं, तुमाला आठवतच नसंल. तुमच्या अम्माचं तुमी सांगितलं हुतं ना एकदा? मला वाटलं, तुमचं बी सुरू झालं. सगळ्यांच्या म्होरं मी म्हनलं असतं, तुमीच सांगितलं, आन तुमी खरंच म्हनला असता, मी कवा?" ती थांबली. "ते मला बघवलं नसतं. म्हनून मी गप बसले."

बाईंनी मोजा घातलेला हात टेबलावर टेकला.

"मला आठवत हुतं, अकबरी," त्या म्हणाल्या. "तू दोन बार इच्यारलंस, तेबी आठवत हुतं. पहिल्या दिसापासनं सगळं आठवत हुतं."

अकबरीनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं, बराच वेळ. मग ओढणीच्या टोकानं डोळे पुसले आणि हसली.

"अल्ला का शुकर," ती म्हणाली.